उपसर्ग टोपणनाव, पत्ता खरे नाव : एक्सएमएल नेमस्पेसचा इतिहास

१/७
गावात दोन गणपत असले, की लोक आपोआप आडनाव जोडतात. १९९०च्या दशकाअखेरीस संगणकीय दस्तऐवजांपुढे हीच अडचण उभी राहिली. तिच्यावरील उपाय म्हणजे नेमस्पेस. #थ्रेड

२/७
१० फेब्रुवारी १९९८. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एक्सएमएल १.० प्रसिद्ध केले. टॅगची नावे ज्याची त्याने ठरवावीत, ही त्यातील मुभा. पण दोघांचे टॅग एकाच दस्तऐवजात आले, की एका नावाचे दोन अर्थ होत.

३/७
१४ जानेवारी १९९९ रोजी तोडगा आला. संपादक टिम ब्रे, डेव्ह हॉलंडर आणि अँड्र्यू लेमन. प्रत्येक शब्दसंग्रहाला एक वेब-पत्ता द्यायचा. डोमेनची मालकी आधीच ठरलेली असल्याने वेगळे नोंदणी कार्यालय नको. त्या पत्त्यावर पान असण्याचीही गरज नाही. पत्ता केवळ ओळखीपुरता. लांबलचक पत्ता वारंवार लिहिणे टळावे, म्हणून त्याच्या जागी छोटा उपसर्ग.

४/७
१६ नोव्हेंबर १९९९ रोजी जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली एक्सएसएलटी १.० आले. एक्सएमएलचे रूपांतर करणारी ही भाषा स्वतःही एक्सएमएलमध्येच लिहितात. त्यामुळे आज्ञा आणि निर्मिती एकाच कागदावर नांदतात. ‘टेक्स्ट’ ही एक्सएसएलटीची आज्ञा आहे, तसाच एसव्हीजी चित्रातील अक्षरांचा टॅगही. कोणता कोणाचा, हे नेमस्पेसच सांगते.

५/७
याची कसोटी इतिहासानेच घेतली. मार्च १९९९मधील इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये एक्सएसएलचा कच्चा मसुदा वापरला होता. अंतिम भाषा पुष्कळ बदलली. उपसर्ग दोन्हीकडे ‘एक्सएसएल’च; पत्ते मात्र निराळे. पुढे मायक्रोसॉफ्टच्या एमएसएक्सएमएल ३ ने दोन्ही भाषा चालवल्या, त्या पत्ता पाहूनच.

६/७
नवशिक्यांची फसगत इथेच होते. मूळ दस्तऐवजात उपसर्गाविना नेमस्पेस जाहीर असते. टॅग साधे दिसतात. एक्सएसएलटी १.० मध्ये उपसर्गाविना लिहिलेला नियम मात्र नेमस्पेस नसलेलाच टॅग शोधतो. नियम लागत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. उपाय : तोच पत्ता स्टाइलशीटमध्ये कोणत्याही उपसर्गाने जाहीर करावा आणि नियमात तो उपसर्ग लावावा.

७/७
एक्सएसएलटी २.० आले २००७ साली, ३.० आले २०१७ साली. दोन्हींच्या पत्त्यात आजही ‘१९९९’ आहे. तो आकडा आवृत्तीचा नव्हे, नावाचा भाग आहे. तो बदलला, तर भाषाच परकी ठरेल.