तिसरा माग

लांजा भागातल्या किती चुली मुंबईच्या गिरण्यांवर पेटत, हे श्रोत्यांना आम्ही सांगायला नको. अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलरचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ चा. काम घड्याळ लावून मोजा, उत्तम रीत ठरवा, उत्पादनाबरोबर मजुरीही वाढवा, असे तो सांगतो. आम्ही तो उशिरा वाचला. ऐकला होता तितका वाईट निघाला नाही. मुंबईत काही गिरण्यांत ही ‘कार्यक्षमता’ आली ती अशी : दोन मागांच्या विणकराकडे तीन माग. त्याला चार पैसे अधिक मिळतीलही. पण ज्याचा माग गेला त्याने कोठे जावे? १९२८ साली सुमारे सहा महिने संप चालला. गिरणी कामगार युनियन त्यातच उभी राहिली. आज घरपोच सामान नेणाऱ्या पोराची मिनिटे मोबाइल मोजतो. वाचलेल्या मिनिटांचे पैसे कोणाकडे जातात, ते आम्ही त्याच्याजवळ बसून मोजतो आहोत.