किल्लारीनंतरची घरं आणि म्हातारी माणसं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून दमलेली माणसं झोपेत असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास जीव गेले. मारलं ते मुख्यतः घरांनी. ओबडधोबड काळ्या दगडांच्या, मातीत रचलेल्या जाडजूड भिंती. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारा आरपार दगड बहुधा नाहीच. वर लाकडी तुळया आणि त्यांवर उन्हाळा अडवायला घातलेली मातीची जड धाबी. हादरा बसताच भिंतीचे दोन्ही थर फाकले आणि माळवद खाली आलं. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. दरम्यान ५२ गावं नव्या जागी वसली, २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं उभी राहिली. इतरत्र जुन्या भिंतींत आरपार दगड घालून, पट्टे बांधून घरं मजबूत करण्यात आली. घरातलं मरण नशिबात नाही, बांधणीत असतं, हे इथल्या माणसांना तेव्हा फार मोठी किंमत मोजून कळलं.

माझं म्हणणं असं, की हे शहाणपण अर्ध्यावर थांबलं. घर माणसावर पडू नये याचा विचार झाला, माणूस घरात पडू नये याचा झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ६,८४,००० माणसं पडण्यामुळे मरतात आणि त्यांत साठीपुढची सर्वाधिक असतात. आपल्याकडे मात्र आजी न्हाणीत घसरली, खुबा मोडला, अंथरूण धरलं, की 'वय झालं होतं' एवढ्यावर बोलणं संपतं. जुनं माळवद म्हाताऱ्यांसाठी सुरक्षित होतं असं मुळीच नाही: उंच उंबरा, दिवसाही अंधारी खोली, धाब्यावर जाणारी शिडी, पहाटे परसाकडे जायची वाट. घरात संडास आला ही मोठीच सोय झाली. पण शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय जसा धरून राही, तसा तो गुळगुळीत फरशीवर, साबणाचं पाणी सांडलं असता, राहत नाही.

कोणी म्हणेल, पडणं हा शरीराचा दोष आहे. नजर अधू, मांड्यांत बळ नाही, रक्तदाबाच्या गोळीने उठताना घेरी येते. हे खरं आहे, म्हणून तर डोळ्यांची आणि गोळ्यांची तपासणी हवीच. पण भूकंपही कोणी थांबवला नव्हता. आपण भिंत बदलली. दुसरा आक्षेप पैशाचा. सत्तरीच्या माणसासाठी नवं घर कोणी मागत नाही. रात्री संडासापर्यंत उजेड, न्हाणीत खरखरीत फरशी, पायरीला एक कठडा आणि भिंतीला हाताच्या उंचीवर लोखंडी दांडी, एवढं काम नांदेड-लातूरकडचा कोणताही गवंडी दोन दिवसांत करील. फक्त दांडी गिलाव्यात रोवून चालणार नाही, घसरणाऱ्या माणसाचा सगळा भार पेलण्याइतकी ती भिंतीत खोल हवी. १९९३ ला चाळिशीत असलेली, ढिगाऱ्याखालून वाचलेली माणसं आता सत्तरी ओलांडून त्या नव्या घरांत राहतात. हे काम आधी त्यांच्या दारात व्हायला हवं.