नॉर्मन बेट्स घरी परततो : ‘सायको २’ आणि प्रेक्षकाच्या स्मृतीचा खटला

१/ आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ (१९६०) ठाऊक नसलेला चित्रपटप्रेमी विरळाच. त्याचा उत्तरभाग १९८३ मध्ये आला आणि तिकीटबारीवर चाललाही. पुढे मात्र ‘अभिजात कलाकृतीची अनावश्यक शेपटी’ म्हणून तो बाजूला पडला. आजचा धागा त्याच ‘सायको २’विषयी. विवेचनासाठी मधला एक उलगडा सांगावा लागेल. शेवट सांगणार नाही.

२/ प्रथम पार्श्वभूमी. हिचकॉक यांचे निधन एप्रिल १९८० मध्ये झाले. मूळ कादंबरीकार रॉबर्ट ब्लॉक यांनी १९८२ मध्ये ‘सायको २’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. परंतु युनिव्हर्सल स्टुडिओने तिचा आधार न घेता टॉम हॉलंड यांच्याकडून स्वतंत्र पटकथा लिहून घेतली. निर्माते हिल्टन ग्रीन हे मूळ चित्रपटात हिचकॉक यांचे साहाय्यक दिग्दर्शक होते.

३/ दिग्दर्शक रिचर्ड फ्रँकलिन मूळचे ऑस्ट्रेलियाचे. कॅलिफोर्नियात चित्रपटशास्त्र शिकत असताना त्यांनी हिचकॉक यांना विद्यापीठात बोलावले होते. त्यांचा ‘रोडगेम्स’ (१९८१) हा हिचकॉक यांच्या ‘रिअर विंडो’वरून सुचलेला. थोडक्यात, हा उत्तरभाग एका निष्ठावान शिष्याच्या हाती पडला.

४/ कथा अशी : २२ वर्षे मनोरुग्णालयात काढल्यावर न्यायालय नॉर्मन बेट्सला बरा झाल्याचे मान्य करून मुक्त करते. मूळ चित्रपटात जिचा खून झाला त्या मॅरियनची बहीण लायला न्यायालयातच कडाडून विरोध करते. डॉक्टर नॉर्मनला त्या टेकडीवरच्या घरी पोहोचवून निघून जातात. तो एका खानावळीत कामाला लागतो, तेथील मेरी नावाच्या तरुणीला घरी आसरा देतो. मग मृत आईच्या नावाने चिठ्ठ्या येऊ लागतात, दूरध्वनी खणखणतो आणि पुन्हा खून होऊ लागतात.

५/ आता भयपटाच्या परंपरेशी असलेले नाते पाहू. जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोविन’ने (१९७८) ‘सायको’कडून बरेच उसने घेतले होते : डॉक्टरांचे नाव सॅम लूमिस हे ‘सायको’मधील पात्राचे, तर नायिका जेमी ली कर्टिस ही मॅरियन साकारणाऱ्या जॅनेट ली यांची कन्या. ‘सायको २’ने ते ऋण उलट दिशेने फेडून घेतले. त्याचे छायाचित्रणकार डीन कंडी हे ‘हॅलोविन’चेच छायाचित्रणकार.

६/ चित्रपट उघडतो तोच १९६० मधील शॉवरच्या प्रसंगाने, मूळच्या कृष्णधवल चित्रांसह. मग ते घर दिसते, आणि पहाट होता होता पडद्यावर हळूहळू रंग उतरतात. मेरी आपले आडनाव ‘सॅम्युएल्स’ सांगते. मॅरियनने मोटेलच्या नोंदवहीत तेच खोटे आडनाव लिहिले होते. आईच्या खोलीत पहिल्यांदा शिरताना, दिवा लागण्यापूर्वी, साक्षात हिचकॉक यांची छायाकृती दिसून जाते. तळघरात चोरून शिरणारे तरुण जोडपे तर थेट त्या काळच्या ‘स्लॅशर’ चित्रपटांतून आलेले.

७/ हे सर्व संदर्भ केवळ जाणकारांना सुखावण्यासाठी पेरलेले आहेत असे समजणे, ही या चित्रपटाच्या वाचनातील मोठी चूक आहे. प्रत्येक खूण नॉर्मनविरुद्ध साक्ष देते. सुरी दिसली, भिंतीतले छिद्र दिसले, शॉवरचे पाणी सुरू झाले की आपण निकाल देऊन मोकळे होतो. पुरावा पडद्यावर नसतो. तो आपल्या स्मरणात असतो. मी स्वतः प्रथम पाहताना पहिल्या अर्ध्या तासातच नॉर्मनला दोषी ठरवले होते.

८/ आणि येथे तो उलगडा : चिठ्ठ्या व दूरध्वनींमागे लायला आहे आणि मेरी तिचीच मुलगी आहे. नॉर्मनला पुन्हा वेड लागावे व तो पुन्हा कोंडला जावा, यासाठी माय-लेकी जुन्या भयपटाचेच प्रयोग त्याच्या घरात लावत असतात. लायलाची भूमिका १९६० प्रमाणेच व्हेरा माइल्स यांनी केली आहे. तेव्हाची सत्यशोधक नायिका आता छळ करते. तरीही तिचे दुःख खोटे ठरत नाही. मेरीला मात्र त्या माणसाची कीव येऊ लागते.

९/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थांबावेच लागते. १९५५ मध्ये अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. १९८० पर्यंत ही संख्या दीड लाखाच्या आत आली. १९६३ च्या कायद्याने वस्तीपातळीवरील उपचारकेंद्रांचे आश्वासन दिले होते. ती पुरेशी उभी राहिलीच नाहीत. माणसे परतली, पण परतण्याची व्यवस्था नव्हती. रिकाम्या घरात एकटा सोडलेला नॉर्मन या पार्श्वभूमीवर पाहावा.

१०/ त्यात जून १९८२ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या जॉन हिंकली यास ज्यूरीने मनोविकाराच्या आधारे निर्दोष ठरवले. तो सुटला नाही, त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. तरी जनक्षोभ उसळला आणि १९८४ मध्ये संघीय कायदाच कडक झाला. ‘सायको २’ त्या निकालावरून लिहिला गेला असे माझे म्हणणे नाही. परंतु जून १९८३ मध्ये तो पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात हा वाद ताजा होता, हे विसरता येत नाही.

११/ अशा काळात एका व्यावसायिक भयपटाने खुन्याकडेच करुणेने पाहावे, हे धाडस होते. अँथनी पर्किन्स यांचा नॉर्मन जेवण वाढताना ‘सुरी-काटे’ हा साधा शब्द उच्चारतानाही अडखळतो. जेरी गोल्डस्मिथ यांनी बर्नार्ड हरमन यांच्या किंचाळणाऱ्या व्हायोलिनांची नक्कल टाळून पियानोवर एक उदास, हळवी धून दिली. ती धून खुनाची नाही. बरे होऊ पाहणाऱ्या माणसाची आहे.

१२/ उत्तरभागांना आपण दुय्यम साधन मानतो. पण मूळ कृतीची आठवण पुढच्या पिढीने कशी वापरली, याची नोंद उत्तरभागातच सापडते. तेव्हा आधी १९६० चा ‘सायको’ पाहा, मग हा. पाहताना शेजारी एक कागद ठेवा आणि नॉर्मनला तुम्ही नेमके कोणत्या क्षणी दोषी ठरवले, ते लिहा. शेवटी पुन्हा पडताळा. तुमचा तो क्षण कोणता, हे खाली अवश्य सांगा. शेवट मात्र कोणी फोडू नये, ही विनंती. धागा समाप्त.