'विद्यार्थी-खेळाडू' : एका शब्दाची जन्मकथा

घरातला मुलगा किंवा मुलगी पुस्तकापेक्षा मैदानावर जास्त दिसू लागली, की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो : 'अभ्यासाचं काय?' दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी जागा राखून ठेवतात, तरीही हा प्रश्न काही मिटत नाही. अमेरिकेत मात्र तो फार पूर्वीच मिटला असावा, असे लांबून वाटते. तिथली कॉलेजे चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्ती देऊन बोलावतात. फी, राहणे, जेवण, पुस्तके सारे कॉलेजकडे. मुलाने कॉलेजसाठी खेळायचे आणि सोबत पदवी घ्यायची. अशा मुलाला तिथे 'स्टुडंट-ॲथलीट' म्हणतात, म्हणजे विद्यार्थी-खेळाडू. आधी विद्यार्थी, मग खेळाडू. शब्द कसा सात्त्विक वाटतो! पण तो वर्गात जन्मलेला नाही आणि मैदानावरही नाही. त्याच्या जन्माचे कारण कोर्टकचेरीत सापडते.

अमेरिकेत दोन कॉलेजांमधला पहिला सामना 1852 साली झाला. हार्वर्ड आणि येल यांच्यातली ती होड्यांची शर्यत होती. खर्च उचलला होता एका रेल्वे कंपनीने, कारण त्या सरोवराकडे प्रवासी यावेत अशी तिची इच्छा होती. म्हणजे कॉलेजच्या खेळात पैसा मागाहून शिरला असे नाही. तो पहिल्या दिवसापासून काठावर उभा होता.

पुढे फुटबॉलचे वेड वाढले. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. यात चेंडू हातात धरून धावायचे आणि अंगावर धडका घ्यायच्या. 1905 च्या एका हंगामात या खेळापायी अठराच्या आसपास मुले दगावली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. त्यानंतर 1906 मध्ये कॉलेजांची एक संघटना उभी राहिली. 1910 पासून ती 'एनसीएए' या नावाने ओळखली जाते. खेळाडू हौशीच असला पाहिजे, खेळण्याचे पैसे त्याने घेता कामा नयेत, हे तिचे ब्रीद होते. प्रत्यक्षात काय चालले होते? 1929 साली कार्नेगी फाउंडेशनने मोठी पाहणी केली, तेव्हा तपासलेल्या अमेरिकी कॉलेजांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कॉलेजे या ना त्या वाटेने खेळाडूंना पैसे पुरवत असल्याचे आढळले.

आता येऊ आपल्या शब्दाकडे. डेन्व्हर विद्यापीठात अर्नेस्ट नेमेथ नावाचा खेळाडू होता. टेनिस कोर्ट झाडण्याच्या कामासाठी त्याला महिन्याला 50 डॉलर मिळत. फुटबॉलच्या सरावात त्याची पाठ दुखावली आणि त्याने भरपाई मागितली. 1953 मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की फुटबॉल खेळतो म्हणूनच याला हे काम मिळाले आहे. सबब हा विद्यापीठाचा कर्मचारीच ठरतो.

या निकालाने कॉलेजांचे धाबे दणाणले. उद्या प्रत्येक जखमी खेळाडू नुकसानभरपाई मागू लागला तर? एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स होते. त्यांच्या कारकिर्दीत 'स्टुडंट-ॲथलीट' हा शब्द घडवला गेला आणि नियमांत, पत्रकांत तोच वापरण्याचा दंडक घालण्यात आला. हा कामगार नव्हे, विद्यार्थी आहे, हे शब्दातूनच ठसावे, हा हेतू. हे विरोधकांनी रचलेले कुभांड नाही. खुद्द बायर्स यांनीच 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ही कबुली दिली.

या शब्दामागचा विचार किती कठोर ठरू शकतो, हे लवकरच दिसले. 1955 मध्ये फोर्ट लुईस या कोलोरॅडोतल्याच कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन यांच्या डोक्याला मार बसला आणि त्यात ते गेले. त्यांच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. 1957 मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. डेनिसन कॉलेजचे नोकर नव्हते, असा निकाल झाला आणि त्या बाईंच्या हाती काहीच पडले नाही.

त्याच सुमारास, 1956 मध्ये, निव्वळ खेळातल्या गुणावर शिष्यवृत्ती देण्यास एनसीएएने उघड परवानगी दिली. म्हणजे सौदा असा ठरला : मजुरी नाही, भरपाई नाही, मोबदला एकच, शिक्षण. आता ज्याचा मोबदलाच शिक्षण आहे, त्याला निदान शिकायला वेळ तरी मिळायला हवा! पण 1973 मध्ये चार वर्षांची हमी जाऊन शिष्यवृत्ती एकेका वर्षाची झाली. दर वर्षी नूतनीकरण आणि त्यात प्रशिक्षकाचा शब्द मोलाचा. अशा वेळी सराव आणि तास एकाच वेळी आले तर मुलगा कुठे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त सराव नको, असा नियम 1991 मध्ये आला. पण त्यात सामन्याचा अख्खा दिवस तीन तासांचा धरला जाई, प्रवास मोजला जात नसे आणि 'ऐच्छिक' व्यायामही हिशेबाबाहेर. 2014 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी कामगार संघटना स्थापण्याची परवानगी मागितली. तेव्हा कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्यासमोर हिशेब मांडला गेला : हंगामात फुटबॉललाच आठवड्याचे 40 ते 50 तास! त्या संघाचा केन कोल्टर डॉक्टर होण्याचे स्वप्न घेऊन आला होता. रसायनशास्त्राचा तास आणि सराव एकाच वेळी येत होते. अखेर त्याने तो नाद सोडून मानसशास्त्र घेतले. त्या अधिकाऱ्याने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. 2015 मध्ये वरच्या मंडळाने या प्रकरणात पडायचेच नाकारले.

याहून वाईट म्हणजे अभ्यासाचे नुसते सोंग. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात 18 वर्षे नावापुरते वर्ग चालले. व्याख्याने नाहीत, शेवटी एक निबंध द्यायचा, की भरघोस गुण. 2014 च्या चौकशी अहवालानुसार 3,100 हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या शिष्यवृत्तीने असंख्य गरीब मुलामुलींना कॉलेजचे दार उघडून दिले. आपला सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात समाजशास्त्र शिकला आणि 2007 व 2008 अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकी कॉलेज टेनिसमधला एकेरीचा विजेता ठरला. दोन्ही साधता येते. पण ते एकट्या मुलाच्या जिद्दीवर सोडून चालत नाही.

अलीकडे चित्र बदलले. 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमावता येऊ लागले. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार, पहिल्या वर्षासाठी एकेका विद्यापीठाला आपल्या खेळाडूंमध्ये मिळून 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट वाटण्याची मुभा मिळाली. सत्तर वर्षे ज्याला मजुरी म्हणायचे नाही असा दंडक होता, ते पैसे आता उघड हातात पडू लागले. न्याय झाला, उशिरा का होईना. मात्र पैशाने कोल्टरचा रसायनशास्त्राचा तास परत येत नाही.

आपल्याकडचीही मुले टेनिस, पोहणे, स्क्वॉश यांच्या जोरावर तिकडे जातात. शिष्यवृत्तीचे पत्र आले, की घरात पेढे वाटले जातात. जरूर वाटावेत. फक्त त्याआधी कॉलेजला दोन प्रश्न विचारावेत : ही शिष्यवृत्ती एका वर्षाची की चार वर्षांची? आणि सराव व तास एकाच वेळी आले, तर तुमच्याकडे माघार कोण घेतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट मिळाले नाही, तर आपला तो जुनाच प्रश्न पुन्हा विचारायला हरकत नाही : अभ्यासाचं काय?