पाथरीचे सूर्यदास आणि एक अजस्र संख्या

परभणी जिल्ह्याचे नाव निघाले की ज्वारी, कापूस आणि अवर्षण डोळ्यांसमोर उभे राहते. गणिताच्या इतिहासातही या मातीला मानाचे स्थान आहे, हे मात्र आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

गोदावरीच्या परिसरातील पार्थपूर म्हणजे आजचे पाथरी, असे अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथे ज्ञानराज या ज्योतिर्विदाने ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ रचला. त्याचे पुत्र सूर्यदास यांनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर 1538 साली आणि ‘लीलावती’वर 1541 साली टीका लिहिली. मूळ ग्रंथ 1150 च्या सुमाराचा, म्हणजे तेव्हाच जवळजवळ चारशे वर्षांचा. सूत्रे श्लोकबद्ध आणि अतिसंक्षिप्त. ती उलगडून सांगणारा टीकाकार नसता, तर ग्रंथ राहिला असता, पण विद्या मुकी झाली असती.

‘लीलावती’च्या अखेरीस अंकपाश नावाचे प्रकरण आहे. त्यात भास्कराचार्य विचारतात : 2 ते 9 हे आठ अंक प्रत्येकी एकदाच घेऊन किती संख्या होतील आणि त्या सर्वांची बेरीज किती? पहिल्या स्थानी आठ अंकांपैकी कोणताही, दुसऱ्या स्थानी उरलेल्या सातांपैकी, असे गुणत गेल्यास 40,320 संख्या मिळतात. मिनिटाला एक याप्रमाणे त्या नुसत्या लिहायच्या म्हटल्या, तरी रात्रंदिवस 28 दिवस लागतील. मग बेरीज कधी करावी?

वाचकहो, येथेच बुद्धीचा कस लागतो. प्रत्येक अंक प्रत्येक स्थानी 5,040 वेळा येतो. आठ अंकांची बेरीज 44. म्हणून प्रत्येक स्थानाची बेरीज 44 गुणिले 5,040, म्हणजे 2,21,760. तिला आठ एकांच्या संख्येने, 1,11,11,111 ने, गुणले की उत्तर येते : 24,63,99,99,75,360. दोन लाख शेहेचाळीस हजार तीनशे नव्याण्णव कोटींहून मोठी ही संख्या दोन ओळींत हाती येते. तिला 40,320 ने भागल्यास सरासरी 6,11,11,110.5 येते, म्हणजे प्रत्येक स्थानी नेमके साडेपाच.

युरोपातही असाच शोध चालला होता. 1636 साली फ्रान्समधील कॅथलिक संन्यासी मारें मर्सेन यांनी संगीताच्या स्वरांचे संभाव्य क्रम मोजून त्यांची कोष्टके मांडली.

सूर्यदासांनी ‘रामकृष्णविलोमकाव्य’ही लिहिले. त्यातील श्लोक सुलट वाचले तर रामकथा आणि उलट वाचले तर कृष्णकथा. अक्षरे तीच, क्रम बदलला की अर्थ बदलतो. अंकपाशात अंक तेच, क्रम बदलला की संख्या बदलते. एकाच माणसाला ही दोन्ही दालने प्रिय असावीत, यात नवल नाही.

मोठ्या आकड्याला आपली मुले बिचकतात. त्यांना पाथरीच्या या पंडिताची गोष्ट सांगावी आणि मग 2, 3, 4 हे तीनच अंक देऊन त्यांच्या सहा संख्या मांडायला बसवावे. बेरीज 1,998 आली, की बारा शून्ये पाहूनही ती घाबरणार नाहीत.