पाळीच्या आधी छाती का दुखते? महिलांनी काय लक्षात ठेवावं

जळगाव असो की धुळे, आपल्या घरांत या दुखण्याबद्दल उघडपणे बोललं जात नाही. ‘अम्मीला कसं सांगू, डॉक्टर पुरुष असले तर?’ यातच महिने निघून जातात. काही जणी तर कॅन्सरच्या भीतीने रात्र-रात्र झोपत नाहीत. बहुतेक वेळा कारण हार्मोनचं असतं.

दर महिन्याला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन कमी-जास्त होतात. पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत त्यांच्या परिणामाने स्तनातील दुधाच्या नळ्या व ग्रंथी फुगतात, पाणी साठतं. त्यामुळे दोन्ही बाजूंना जडपणा, ठणका लागतो. कधी दुखणं काखेपर्यंत जातं. पाळी सुरू झाली की ते उतरतं. वीस ते पन्नास या वयात हे सर्रास दिसतं.

इतर कारणे: गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, पाळी जाण्याच्या आधीची अनियमितता. थायरॉईड कमी असणे किंवा उलटीची व मानसिक आजाराची काही औषधे यांमुळे प्रोलॅक्टिन वाढते, त्यानेही त्रास होतो. मात्र औषध स्वतःहून बंद करू नये.

काय करावं?
- दोन-तीन महिने कॅलेंडरवर पाळीच्या आणि दुखण्याच्या तारखा लिहा. डॉक्टरांना यावरून बरंच कळतं.
- नीट मापाची, आधार देणारी ब्रा वापरा. कोमट शेक घ्या.
- गोळी डॉक्टरांना विचारूनच. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी तर नक्कीच.

वाट पाहू नका, जर:
- पाळीनंतरही गाठ राहिली, मग ती दुखत नसली तरी. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.
- निप्पलमधून रक्त आलं, निप्पल आत ओढलं गेलं किंवा कातडीला खळी पडली.
- एकाच जागी सतत दुखतं किंवा पाळी गेल्यानंतर नव्याने दुखू लागलं.
- बाळाला पाजताना स्तन लाल, गरम होऊन ताप आला. दूध पाजणं थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा.

तपासणी कुठे? जळगाव शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. ‘लेडी डॉक्टर हव्यात’ असं सांगायला संकोच करू नका, सोबत घरची बाई न्या. तिशीच्या आत सहसा सोनोग्राफी, चाळिशीनंतर मॅमोग्राफीही करतात. तीस वर्षांपुढील महिलांची स्तन तपासणी सरकारी कार्यक्रमातही होते. वस्तीतल्या आशाताईंना विचारा.

दुखणं लपवण्यात लाज राखली जात नाही, फक्त वेळ जातो.