बारशाआधीची नोंद

केदारखेडा हे भोकरदन तालुक्यातील गाव, जिल्हा जालना. तालुक्याची एक बाजू बुलढाणा जिल्ह्याला भिडलेली आहे. आज ती मराठवाडा आणि विदर्भ यांची साधी शीव आहे. परंतु १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेल्यापासून स्वातंत्र्यापर्यंत तिच्या अलीकडे निजामाचा अंमल होता आणि पलीकडे इंग्रजांचा. सोयरिकी काही शीव पाहून जुळत नसत. या भागातल्या घरात चिखलीकडची किंवा देऊळगावराजाकडची सून येणे नवलाचे नव्हते, आणि पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी करण्याचा रिवाज दोन्हीकडे होता. जन्माची नोंद मात्र जन्म जिथे घडतो तिथे होते. बापाचे घर कुठे आहे याच्याशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे एकाच आईचा थोरला मुलगा एका राज्याच्या दप्तरात आणि धाकटा दुसऱ्याच्या दप्तरात, असे सहज घडू शके. एकाची तारीख इंग्रजी, दुसऱ्याची फसली. एकाची नोंद मोडीत किंवा बाळबोधीत, दुसऱ्याची उर्दूत. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारणपणे हाती लागतो. पण आजूर, दय, बहमन हे निजामी महिने आज ज्याला उलगडतात असा माणूस तालुक्याच्या गावीही शोधावा लागेल.

ही दप्तरे कोणासाठी ठेवली जात होती, हा खरा प्रश्न आहे. जन्मलेल्या माणसासाठी तर निश्चितच नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वसाधारणपणे आधी मृत्यू मोजले जाऊ लागले आणि मागाहून जन्म. पटकी, देवी, ताप यांनी किती माणसे गेली हे आरोग्य खात्याला हवे होते, आणि मृत्यूचे प्रमाण काढायचे तर जन्माचा आकडा जोडीला लागतो. विदर्भात अशा नोंदवहीला कोतवाल बुक म्हणतात. महसुली दप्तरात ती गाव नमुना १४ या नावाने ओळखली जाते. तिच्यातल्या नोंदीचे रूप पाहण्यासारखे असते: तारीख, बापाचे नाव, जात, आणि पुढे मुलगा किंवा मुलगी. बाळाचे नाव बहुधा नसतेच. ते असणार तरी कसे? बारसे बाराव्या दिवशी, वर्दी त्याआधीच गेलेली. सरकारला एक जीव वाढल्याचे कळले की काम संपले. मराठी चरित्रकारांना हा अनुभव नवा नसावा. चरित्रनायकाची जन्मनोंद मिळते, फक्त तिच्यात चरित्रनायक नसतो.

(१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातही ही जागा मोकळी ठेवलेली आहे. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो, नाव मागाहून भरता येते. कायदा करणाऱ्यांना बारसे ठाऊक होते असे म्हणायला हरकत नाही.)

माणसाला स्वतःला जन्मतारखेची गरज पहिल्यांदा पडली ती शाळेच्या दारात, आणि तिथे नोंदवहीची वाट कोणी पाहिली नाही. मूल हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरू शकले की ते सहा वर्षांचे, आणि जन्मतारीख १ जून. महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस यामुळे एकाच दिवशी येतो. याचा विनोद आपण फार केला. गुरुजींनी त्या वेळी जे केले ते पुढे किती जणांच्या निवृत्तीची तारीख ठरवून गेले, हे विनोदात येत नाही. बापाच्या नावाचा रकाना तर याहून निर्दय. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त तो रकानाच माणसाच्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसतो. अविवाहित आईला बापाचे नाव न सांगताही मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २०१५ साली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव लावणे महाराष्ट्राने बंधनकारक केले.

मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये जालना जिल्ह्यातच, अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले आणि धूळ खात पडलेली ही दप्तरे एकाएकी मोलाची झाली. सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी मोडी, उर्दू, फारसी जाणणाऱ्यांना पाचारण झाले. शोध हैदराबादपर्यंत गेला. विदर्भात नोंदी विपुल, मराठवाड्यात तुरळक. शिवेच्या दोन बाजूंचे शेतकरी एकाच पद्धतीने नांगर धरीत होते, एकमेकांना मुली देत होते. पण एका बाजूच्या पाटलाने जातीचा रकाना भरून वही ठाण्यात पोहोचवली होती आणि दुसऱ्या बाजूचे दप्तर विस्कळीत राहिले होते. आजोबा कोण होते यापेक्षा आजोबांच्या जन्माची वर्दी कोणत्या राज्यात दिली गेली, यावर नातवाचा दाखला अवलंबून राहिला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतला. त्याची अडचण नेमकी उलटी आहे: तिथे कुणब्यांची संख्या आहे, माणसांची नावे नाहीत. या मागणीच्या न्याय्यतेविषयी प्रामाणिक मतभेद आहेत आणि ते इथे सोडवण्याचा माझा अधिकार नाही. रोगराईची मोजदाद करण्यासाठी आखलेल्या वहीवर शंभर वर्षांनी सामाजिक न्यायाचा निवाडा यावा, हे मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारे आहे.

दरम्यान दाखल्याचे वजन वाढतच गेले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, पारपत्र, सरकारी नोकरी या सर्वांसाठी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा आहे. त्याआधीच्या माणसांना अन्य कागद चालतात. पण नोंद राहिली असेल आणि ती आता करायची असेल, तर वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून ती होत नाही. २०२५ च्या प्रारंभी गैरप्रकारांच्या तक्रारींवरून राज्याने असे उशिराचे दाखले देणे काही काळ थांबवले आणि नंतर कार्यपद्धती कडक केली.

घरी जन्मलेली, शाळेची पायरी न चढलेली वृद्ध स्त्री या वाटेने निघाली, तर तिला आधी आणावा लागतो तो अनुपलब्धतेचा दाखला. तिच्या जन्माची नोंद आपल्याकडे नाही, असे निबंधक त्यात सही-शिक्क्यानिशी लिहून देतो. तिच्या जन्माविषयी सरकारने दिलेला पहिला कागद तोच असतो, आणि त्यात तिचे नाव असते.